आधी वाट, मग पंप

इंजेक्शनच्या जुन्या गाडीला स्कॅनर लावला की पडद्यावर एक कोड उमटतो आणि बहुतेक वेळा शोध तिथेच थांबतो. कोडात पंपाचे नाव आले की पंप उतरवायचा, सेन्सरचे आले की सेन्सर बदलायचा. पण कोड एवढेच सांगतो की, जो आकडा यायला हवा होता तो आला नाही. तो का आला नाही, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. म्हणून अशा गाडीची तपासणी इंधनाच्या आणि हवेच्या वाटेपासून सुरू व्हावी आणि सर्वांत महाग भागाशी सर्वांत शेवटी पोहोचावी, असे माझे ठाम मत आहे. छत्रपती संभाजीनगरात हे बोलण्याला विशेष अर्थ आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया जुळवायला घेतली. त्या पहिल्या पिढीतल्या सुरुवातीच्या १.९ टीडीआय गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'विंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षे लागतात, त्यामुळे कागदोपत्री त्यांना तो मान नाही. तरी या शहराने स्वतःच्या हातांनी घडवलेल्या गाड्यांमध्ये त्यांचे स्थान मोठे आहे, आणि त्या चालत्या राहाव्यात असे मला मनापासून वाटते.

या इंजिनाची रचनाच माझ्या बाजूने साक्ष देते. टाकीतले डिझेल बॉशचा फिरता पंप स्वतःच ओढून घेतो. त्याच पंपाच्या पोटात जो दाब तयार होतो, त्याच्या जोरावर इंजेक्शनची वेळ पुढे-मागे सरकते. आता फिल्टर तुंबला, किंवा फिल्टरवरच्या जोडातली रबरी रिंग कडक होऊन तिथून लाइन एअर घेऊ लागली, तर आतला दाब पडतो आणि वेळ चुकते. कोड मात्र इंजेक्शनच्या सुरुवातीचा येतो. मग पंप खराब ठरतो. तो उतरवायचा म्हणजे टायमिंग बेल्ट सोडवणे आले, पुन्हा टायमिंग जुळवणे आले, हजारोंचा खर्च आला. खरे तर फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी बनवणाऱ्यांनी पारदर्शक ठेवली आहे. इंजिन चालू असताना तिच्यातून बुडबुड्यांची माळ धावताना दिसली की निम्मे उत्तर तिथेच मिळते. नळी स्वच्छ असेल तर तिसऱ्या नोझलकडे वळावे. सुई नेमकी कधी उचलली गेली हे इंजिनच्या संगणकाला कळवणारी वायर तिथून निघते. ती तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तरी तक्रार वेळेचीच येते. पाणचक्कीचे जाते मंदावले तर शहाणा माणूस आधी नळातले पाणी पाहील, जात्याला टाकी लावायची गोष्ट नंतर.

वाट तपासायची ती इंधनासकट, कारण तेही आता पूर्वीचे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपुरते उरले. या गाड्या बाहेर पडल्या तेव्हा ते प्रमाण कितीतरी पट जास्त होते. हवेसाठी हा बदल फार चांगला झाला. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले सुगंधी हायड्रोकार्बनही कमी होतात. त्यांच्यामुळे वर्षानुवर्षे फुगून राहिलेली पंपातली जुनी रबरी सील मग आक्रसतात आणि पंप पाझरू लागतो. अशा वेळी सीलचा संच पुरतो. आख्खा पंप भंगारात देणे हा अपव्यय आहे, कारण त्या पिढीचा चांगला पंप आता कटिंगला गेलेल्या गाडीतूनच शोधून आणावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, हा स्कॅनरवरचा राग आहे. तसे मुळीच नाही. कोड वाचून स्कॅनर बाजूला ठेवला जातो, हीच तर तक्रार आहे. चालत्या गाडीत संगणकाने मागितलेली हवा आणि सेन्सरने मोजलेली हवा शेजारी-शेजारी पाहिली, तर गाडी पिकअप का घेत नाही याचा अंदाज पुष्कळदा तिथेच येतो. दुसरा सल्ला असतो इलेक्ट्रॉनिक्स काढून साधा यांत्रिक पंप बसवण्याचा. गाडी चालेलही. पण धूर आणि डिझेलचा हिशेब क्षणाक्षणाला जुळवणारी व्यवस्था गेली, तर ऑक्टाव्हियाचे जे वैशिष्ट्य जपायचे तेच हातचे जाते.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. नळ्या चाचपणे, रिले हलवून पाहणे, अर्थिंगच्या वायरची दोन्ही टोके मीटरने तपासणे यात मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते नव्या पार्टचे. पार्ट बदलला तर बिल होते, एक रिंग बदलून गाडी सुरू झाली तर "एवढ्याशा कामाचे एवढे?" असे ऐकावे लागते. अशा व्यवहारात मिस्त्रीने पंपच बदलायला घेतला, तर दोष एकट्या त्याचा कसा? हे बदलायचे तर सुरुवात गाडीच्या मालकाने करावी. काम सांगतानाच तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आणि दोष एका रबरी रिंगेत निघाला तरी ती पूर्ण द्यावी.