काकांचं देणं

काका मोशीचे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर ते सांभाळायचे. आमचं रक्ताचं नातं नाही, पण आज ज्या कामावर माझं घर चालतं, ते त्यांच्या हाताखाली शिकलो.

१ ऑक्टोबर २०२१ चा शुक्रवार. मोशीतल्या एका वर्कशॉपमध्ये टेम्पो भरून उभा होता आणि ग्राहक कंपनीच्या पोर्टलवरून एएसएन, म्हणजे माल येत असल्याची आगाऊ सूचना, निघत नव्हतं. त्याशिवाय माल गेटच्या आत जात नाही. क्रोम सांगत होता, कनेक्शन सुरक्षित नाही. शेठ म्हणाले, "कॉम्प्युटरची तारीख एक दिवस मागे घ्या, चालेल." चाललंही असतं. काका म्हणाले, "शेठ, याच रस्त्यानं तुमचे दर, ड्रॉइंग आणि बिलं जातात. इशारा गप्प करून मी जाणार नाही."

मग माझ्याकडे वळले. "ब्राउझर आधी आपल्याला झेपणारी टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या नियमांची, आवृत्ती आणि सायफर, म्हणजे मजकूर सांकेतिक करायच्या पद्धती, सांगतो. सर्व्हर त्यातलं निवडतो, सर्टिफिकेट दाखवतो. ब्राउझर ते पडताळतो. बोलणी कुठल्या पायरीवर मोडली, ते शोध."

घड्याळ बरोबर होतं. त्यांनी त्याच मशीनवर फायरफॉक्स उघडायला लावला आणि पोर्टल उघडलं! फायरफॉक्स विश्वसनीय मूळ सर्टिफिकेटांची यादी स्वतःजवळ बाळगतो. क्रोम तेव्हा विंडोजच्या यादीवर विसंबायचा. म्हणजे खोट विंडोजच्या यादीत होती.

पोर्टलचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं होतं. त्याला जुन्या मशीनवर आधार देणारं, २००० साली तयार झालेलं 'डीएसटी रूट सीए एक्स३' हे मूळ सर्टिफिकेट आदल्या संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी मुदतबाह्य झालं होतं. त्याची जागा घेणारं 'आयएसआरजी रूट एक्स१' या मशीनवर आलंच नव्हतं, कारण अपडेट बंद ठेवलेले होते. काकांनी ते दुसऱ्या मशीनवरून मिळवलं, त्याचा फिंगरप्रिंट अक्षर न् अक्षर ताडून पाहिला आणि मगच बसवलं. एएसएन निघालं, टेम्पो सुटला.

पुढे किती तरी बिघाड पाहिले. कुठे सर्व्हर टीएलएस १.० वरच अडलेला, कुठे सर्टिफिकेटांच्या साखळीतलं मधलं सर्टिफिकेट पाठवायचं राहिलेलं. दर वेळी 'बोलणी कुठल्या पायरीवर मोडली' हा काकांचाच प्रश्न कामी आला.

शेठ घाईत होते, ग्राहक फोनवर होता, आणि सोपी पळवाट समोर होती. अशा वेळी नीट काम करणारा माणूस मला शिकायच्या वयात पाहायला मिळाला. हे देणं पैशानं फिटणारं नाही. आजही कारण सापडल्याशिवाय मी कुणाच्या मशीनवरचा इशारा बंद करत नाही.