अर्धा क्लच

परवां आमच्या नातीनें अठरावें वर्ष पुरें केलें, शिकाऊ परवाना काढला आणि "आजोबा, मला आपली पद्मिनी चालवायला शिकवा," असा हट्ट धरला. तिच्या वडिलांची मोटार विजेवर चालते. तिला क्लच नाहीं, गिअर बदलणें नाहीं. पाय दाबला कीं ती मुकाट्यानें चालूं लागते. असें असतां माझ्या या म्हाताऱ्या गाडीवर तिचा जीव कां जडावा, हें मला उमगलें नाहीं. पण खरें सांगायचें तर मनांतून मला गुदगुल्या झाल्या. कुर्ल्याच्या कारखान्यांतली ही गाडी मी १९८३ सालीं घेतली, तीही नंबर लागण्याची कित्येक वर्षें वाट पाहून. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही गेल्या. माझी मात्र दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करून घेऊन अजून आपला श्वास टिकवून आहे.

"मीही येतें," आमची सौ. म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या येण्यानें मी जरा अस्वस्थ झालों. कां, तें पुढें सांगेन.

पहिला अडथळा माझाच निघाला. चाळीस वर्षें गाडी हांकणाऱ्या माणसाला 'क्लच किती सोडायचा?' असें विचारून पाहावें; त्याची तारांबळ उडते. तें त्याच्या डाव्या पायाला ठाऊक असतें, त्याला नसतें. मी म्हणालों, "हळू सोड." तिनें हळू सोडला, गाडीनें दोन गचके दिले आणि बंद पडली. "आणखी हळू." पुन्हां बंद. तिसऱ्या वेळीं तिनें हात टेंकले आणि विचारलें, "पण आजोबा, ती मरते कां?"

हा प्रश्न आजवर मला कोणीं विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. विजेची मोटार स्तब्ध उभी असतांनाही जोर लावूं शकते. पेट्रोलच्या एंजिनाला तें साधत नाहीं. तें फिरत असेल तरच त्याला बळ. ठराविक वेगाखालीं ओढलें कीं तें गुदमरतें. इकडे चाकें तर निश्चल. फिरणाऱ्याला उभ्याशीं एकदम जखडलें तर फिरणारें मरायचेंच. म्हणून मध्यें ही घर्षणाची तबकडी. ती आधीं नुसती टेंकते, घसरते, आणि घसरतां घसरतां चाकांना आपल्याबरोबर घेते. तेवढे दोनतीन क्षण पाय जागच्या जागीं थोपवून धरायचा. ड्रायव्हर लोक त्यालाच 'अर्धा क्लच' म्हणतात.

"अ‍ॅक्सिलरेटर विसर," मी म्हणालों. "नुसता क्लच सोड आणि कान दे. आवाज जड झाला कीं पाय थांबव." सपाट मैदानावर हा खेळ दहा वेळां झाला, वीस वेळां झाला. अखेर आवाज किंचित् बसला, बॉनेट उचलल्यासारखें झालें आणि गाडी सरकूं लागली. "लागला! आजोबा, लागला!" ती ओरडली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तिनें नंतर तासाभरांत आपलासा केला.

पुढच्या रविवारीं आम्ही घरामागच्या टेकडीच्या चढावर गेलों. आतां त्या अस्वस्थतेचें कारण सांगतों. १९८५ सालीं याच चढावर, याच गाडींत मी सौ.ला शिकवीत होतों. तेव्हां वर नवीं घरें उठत होतीं. गाडी बंद पडून मागें सरकूं लागली आणि मागून विटांचा ट्रक भोंगा वाजवूं लागला. मी काय बोललों तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. त्या भोंग्यापेक्षां मोठ्यानें बोललों, एवढें खरें. ती कांहींच बोलली नाहीं. हँडब्रेक लावून उतरली आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूच्या दाराशीं येऊन उभी राहिली. त्यानंतर तिनें स्टिअरिंगला हात लावला नाहीं. मुलांच्या शाळा, माहेरचीं आजारपणें, बाजारहाट, सारें रिक्षानें नाहीं तर बसनें. 'तिला यंत्रांची आवड नाहीं,' असें मी चारचौघांत सांगत आलों. पुढें पुढें मलाही तें खरें वाटूं लागलें.

नातीची गाडी चढावर नेमकी मध्यावर बंद पडली. मागून एका मोटारीचा भोंगा सुरू झाला. ते जुने शब्द माझ्या ओठांशीं येऊन पोंचले होते. आरशांत पाहिलें, सौ. आरशांतून माझ्याकडेच पाहत होती.

"हँडब्रेक लावला आहेस ना?" मी विचारलें. "मग आपल्याला घाई नाहीं. भोंगा त्याचा आहे, तूं आपल्या गाडीचा आवाज ऐक."

तिनें ऐकला. आवाज जड होतांच हँडब्रेक सोडला आणि गाडी तसूभरही मागें न येतां वर गेली.

माथ्यावर पोंचल्यावर नात खालीं उतरून फोनवर बापाला आपला पराक्रम सांगूं लागली. गाडींत आम्ही दोघेंच उरलों.

"आवाज जड होतो, हें तुम्ही मला तेव्हां सांगितलं नव्हतंत," सौ. म्हणाली.

"तेव्हां मलाच ठाऊक नव्हतं."

"असेल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहूं लागली.