आंटींनी आजोबांचं नाव विचारलं

गेल्या वर्षी मुलाखत देऊन अडीच महिने झाले तरी नोकरीचं काही कळत नव्हतं. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "पर्गेटरीत अडकलेय." इंग्रजी मालिकांतून उचललेला शब्द. माझ्या लेखी अर्थ एवढाच, की ना इकडे ना तिकडे, त्रिशंकू.

मडगावला आमच्या शेजारी एक आंटी राहतात. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी चर्चला जातात. त्यांच्यासमोरही मी तेच बोलले. त्या हसल्या. "तशें न्हय, बाय," म्हणाल्या आणि समजावायला बसल्या.

कॅथलिक श्रद्धेनुसार देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पुरता निर्मळ न झालेला आत्मा तिथे शुद्ध होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच शुद्ध करणं. तिथे सोसावं लागतं, पण तिथून नरकात कुणी जात नाही. त्रिशंकू मधेच लटकून राहिला. हा आत्मा उशिरा का होईना, स्वर्गात पोहोचतोच.

सगळे ख्रिस्ती हे मानत नाहीत. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर बोट ठेवलं आणि पुढे प्रोटेस्टंट पंथांनी ही कल्पनाच नाकारली. कॅथलिक चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेत ती पुन्हा ठामपणे मांडली. तिथल्या आत्म्यांना मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेची मदत होते, हेही सांगितलं.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी थांबले. आमचे आजोबा गेले तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मला पुण्याला शिकायला पाठवू नये असं त्यांनी बाबांना सांगितलं होतं. मी गेलेच, पण राग धरून. चार महिने त्यांचा फोन आला की आईकडे द्यायचे. मग ते गेले आणि बोलायचं राहून गेलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आंटींना सांगितलं.

त्यांनी फक्त आजोबांचं नाव विचारलं.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, फुलांची पिशवी धरायला मी त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेले. लोक थडगी पुसत होते, मेणबत्त्या लावत होते. आंटींनी आपल्या माणसांची नावं घेतली आणि शेवटी आमच्या आजोबांचं. धर्म वेगळा, माणूस कधी जवळून पाहिलेलाही नाही. मी तिथेच रडले.

ती नोकरी मिळाली नाही. पण वाट पाहायला लागली की आता मी तो शब्द वापरत नाही.

आमच्याकडे पितृपक्ष असतो. दोन्हींमागची श्रद्धा एक नाही, हे मला कळतं. आजवर त्या दिवशी मी काहीतरी कारण काढून खोलीत बसायचे. यंदा आईला म्हटलं, "आजोबांचं पान मी वाढते." तिने काही न विचारता पळी माझ्या हातात दिली.