कुंभकर्ण

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच. सांभाळून घ्या.

सेमिनार रिपोर्टच्या सबमिशनची आदली रात्र. दीड वाजता शेजारच्या रूमवर चहाला गेले, परत येते तो पीसी स्लीपमध्ये. माऊस हलवला, कीबोर्ड बडवला; मॉनिटरचा नारिंगी दिवा काही पांढरा होईना. आणि शेवटची अकरा पानं सेव्ह केलेली नव्हती!

"अगं, बटण दाबून बंद कर की!" रूममेट म्हणाली. तिचा हात मी वरच्यावर धरला. स्लीपमध्ये उघडी फाईल रॅममध्ये असते. पीसीची वीज तोडली की सगळं स्वाहा.

मग डोकं चाललं. कॅप्स लॉक दाबलं. कीबोर्डवरचा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे पीसी जागा आहे, झोपलाय तो मॉनिटर! मग आंधळेपणानेच एंटर, पासवर्ड, एंटर, कंट्रोल-एस. मनात देवाचा धावा, तोही इंग्रजीत (शाळेची सवय!). विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर रिसेट केला. टुक् असा आवाज आला, चित्र नाही. शेवटी पीसीला हात न लावता फक्त मॉनिटरची पिन उपटली, मिनिटभर थांबून परत लावली.

दिवा पांढरा! अकराच्या अकरा पानं समोर. मॉनिटरच्या मेनूत 'डिस्प्लेपोर्ट डीप स्लीप' ऑन होतं, ते ऑफ करून टाकलं. त्यानंतर अजून तरी तक्रार नाही.

हे सांगायला वळले, तर रूममेट घोरत होती. तिच्यावर कुठलीच की चालत नाही.