टेकडीखालून पवईकडे

घाटकोपरहून पवईला निघालो, सोबत बारावीतली पुतणी. वाटेत असल्फ्याची टेकडी, उतारावर घराला घर चिकटलेले. घाटकोपरच्या अशाच उतारावर, आझाद नगरात, 12 जुलै 2000 रोजी दरड कोसळून साठहून अधिक माणसे मेली.

"काका, दरड का कोसळते?"

पाणी मुरून माती जड होते, तिची पकड सुटते. माझे ज्ञान एवढेच. पुढचे शास्त्र पवईच्या आयआयटीत आहे. 1958 साली स्थापन झालेल्या या संस्थेत भूविज्ञान व पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतात. 1990 पासून केंद्राच्या राखीव जागा बौद्ध मुलांनाही आहेत.

बांधवांनो, उतारावरची मुले हे शिकली, तर धोका ओळखणारा माणूस आपल्याच वस्तीत असेल. बाबासाहेबांचे 'शिका' यासाठीही आहे. जय भीम!