लक्ष्मीपूजनाच्या ताटातली नाणी

लक्ष्मीपूजनासाठी वडीगोद्रीत आणि आसपासच्या वस्त्यांवर पेटीच्या तळाला फडक्यात बांधून ठेवलेली नाणी निघतात. पाडव्यापासून लोक ती माझ्याकडे दाखवायला आणतात. हल्ली त्यांत वैष्णोदेवीचं चित्र असलेली 5 आणि 10 रुपयांची नाणी हमखास असतात, आणि "भाऊ, ह्याचे लाखभर येतात म्हणं?" हा प्रश्नही.

नाही येत. ही नाणी 2012 सालची, चलनासाठी मुबलक पाडलेली. हाताळून गुळगुळीत झालेलं 5 रुपयांचं नाणं 5 रुपयांचंच. लाखाचा आकडा सांगणारा फोनवरचा माणूस आधी नोंदणीचे पैसे मागतो, मग कर, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केलं होतं, की अशा खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि बँकेच्या नावाने असं शुल्क घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. कापसाचे आलेले पैसे या मार्गाने जाताना पाहिले की जीव तळमळतो. म्हणून आधी एवढं पक्कं धरा: नाणं विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

कमळाच्या 20 पैशांचंही तेच. 1968 ते 1971 या काळातलं ते पिवळंधमक नाणं सोन्याचं मिश्रण म्हणून कित्येक घरांत जपलेलं आहे. त्यात सोनं नाही. 1969 चा गांधीजींचा 10 रुपयांचा शिक्का मात्र खरोखर चांदीचा आहे: वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के. तो चिल्लरीत सापडला तर बाजूला काढा.

रोजच्या सुट्ट्या पैशांत मी सालाखालची खूण पाहतो. हिरा म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालचं नाणं एका टांकसाळीचं ढिगाने मिळतं, दुसरीचं शोधावं लागतं. मग नाणं वर-खाली चिमटीत धरून उभ्या रेषेत फिरवतो. मागची बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी असेल, किंवा छाप एका अंगाला सरकून कडेला कोरी जागा राहिली असेल, तर ती टांकसाळीतली चूक, आणि संग्राहक चुकीला किंमत देतात. पडून चेपलेलं, हातोडी खाल्लेलं नाणं मात्र चूक नव्हे, नुसतं खराब नाणं.

जुनं म्हणजे महाग, हा समज तर घट्ट बसलेला आहे. राणी छाप रुपयावर 1862 साल दिसलं की लोक हरखतात. पण ते साल कायम ठेवून 1874 पर्यंत रुपये पाडले जात होते, त्यामुळे राणीच्या रुपयांत तेच सर्वांत जास्त सापडतं. त्यामानाने 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या अंगरख्यावर छातीशी छोटा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. बहुतेक साठा वितळवला गेला आणि 1912 पासून हत्ती सुधारला. जे रुपये आधीच बाहेर पडले होते, त्यांना आज मागणी आहे. असा रुपया हाती आला तर भिंग लावण्याआधी वजन करा. खरा 11.66 ग्रॅमच्या आसपास भरतो, झिजलेला थोडा कमी.

आपल्याकडे मात्र राणीपेक्षा चारमिनार छापाचा रुपया जास्त निघतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. इथला रुपया हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार, आणि साधारण 7 हाली म्हणजे 6 कलदार असा हिशेब चाले. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. मीम असेल तर निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर निजाम उस्मान अली खान. साल हिजरी आहे हे लक्षात घ्या. 1330 वाचून लोक नाणं सातशे वर्षांचं समजतात, पण ते इसवी सन 1912 च्या सुमाराचं असतं. यातल्या बहुतेकांना चांदीच्या भावाहून फार जास्त मिळत नाही, तरी ती मोडीत घालू नका. आपल्या आजोबांचा बाजारहाट याच पैशांत झाला.

आणि कृपा करून नाणी घासू नका. पूजेआधी चिंच, लिंबू, राख लावून ती लखलखीत केली जातात, आणि अक्षरांवरची बारीक धार कायमची जाते. माळेसाठी टाका मारून कडी बसवली की संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपलं. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून टिपून घ्यावं.

गोदाकाठच्या रानात नांगराला शिशाचं किंवा तांब्याचं वेडंवाकडं नाणं लागलं, तर ते पैठणच्या सातवाहनांचंही असू शकतं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. कोण हरला, कोण जिंकला, हे त्या दुहेरी छापाने सांगितलं. तो साठा पांगला असता तर हा पुरावा हाती आलाच नसता. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं 10 रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणं धुऊ नका, जागेवर खूण करा आणि तलाठ्याला बोलवा.