दहावा माणूस

‘माणसं किती?’ असं विचारलं की पिंपरी-चिंचवडचा लहान बांधकाम ठेकेदार सात किंवा आठ म्हणतो. फार तर नऊ. कामगार विम्याची, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात त्याची, सक्ती दहाव्या माणसापासून सुरू होते आणि पीएफची विसाव्यापासून, एवढा कायदा प्रत्येकाला पाठ असतो. अशा ठेकेदारांची नोंदणी करून देणं, महिन्याची चलनं भरणं हा माझा व्यवसाय. त्यात जवळून पाहिलेल्या एका ठेकेदाराची ही हकीकत.

हा गृहस्थ मूळचा लातूरकडचा गवंडी. थापी खाली ठेवून तो आरसीसीची कामं घ्यायला लागला. बंगले, तीन-चार मजली इमारती. एका विकासकाने बिल अडवलं तेव्हा त्याला विम्याची आठवण झाली. ‘ईएसआयचं चलन आणा, मग चेक न्या.’ विकासकाचंही बरोबर होतं. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर ती मुख्य मालकाकडून वसूल होते.

मस्टरवर आठ नावं होती. मी त्याला स्लॅबच्या दिवसाबद्दल विचारलं. त्या दिवशी मिक्सरवाल्याची टोळी येते, सेंट्रिंगवाले असतात, सळईचे फिटर असतात, घमेली उचलणाऱ्या बायका असतात. साइटवर तीसेक माणसं सहज भरतात. नैमित्तिक मजूरही कायद्याच्या लेखी कर्मचारीच असतो. शिवाय आस्थापना एकदा विम्याच्या कक्षेत आली की पुढे माणसं घटली तरी बाहेर पडत नाही. ‘पण ती टोळी मुकादमाची आहे, माझी नाही,’ तो म्हणाला. टोळी मुकादमाची असली, तरी काम याच्या साइटवर, याच्या देखरेखीखाली चालत होतं. मोजणीत ती याचीच.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आलं, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळातलं कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, कायदा १९४८ मध्ये झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो कारखाना. कारखान्याला फाटक असतं, भोंगा असतो, मालक ठरलेला असतो, हजेरी रोज लागते. साइटवर राबणाऱ्या मजुरांना हा विमा लागू झाला तो १ ऑगस्ट २०१५ पासून. कायदा झाल्यावर ६७ वर्षांनी! तोवर या धंद्याची लिहिण्याची रीत पक्की होऊन बसली होती. आमच्या ठेकेदाराच्या वहीतली एक नोंद अशी: ‘मुकादम १२, बायका ५, खाडा २.’ पैसे आठवड्याच्या बाजाराला मुकादमाच्या हातात. चलनाला प्रत्येकाचं नाव, दिवस आणि मजुरी लागते, आणि नेमकी नावंच वहीत नव्हती. लहान ठेकेदार विम्यात का येत नाहीत, याचं माझ्या अनुभवातलं पहिलं कारण हेच. पैशांची गोष्ट त्यानंतरची.

नावं लिहायला आम्ही संध्याकाळी, काम सुटल्यावर, साइटवरच बसलो. यादगीरच्या एका जोडप्याच्या आधारवर दोघांचीही जन्मतारीख १ जानेवारी. झारखंडच्या एका पोराचं आधारवरचं नाव वेगळं, बँकेतलं वेगळं. कोणाचा मोबाइल नंबर बदललेला, त्यामुळे ओटीपी येईना. कुटुंबाचा रकाना आला तेव्हा मात्र सगळे पुढे सरकून ऐकू लागले. बायको-मुलांनाही उपचार मिळतात हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

रोज ५०० रुपयांनी २४ दिवस भरले की बिगाऱ्याची महिन्याची मजुरी १२,००० होते. त्याच्या वाट्याचे ०.७५ टक्के म्हणजे ९० रुपये, ठेकेदाराचे ३.२५ टक्के म्हणजे ३९०. नव्वद रुपयांना एकाही मजुराने हरकत घेतली नाही. हरकत घेतली मुकादमाने. मजुरी थेट खात्यात गेली, तर त्याने गावी वाटलेली उचल फिटायची कशी? अडचण खरी होती आणि तिच्यासाठी कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नसतो. ठेकेदाराने तोड काढली. मुकादमालाही मिस्त्रीच्या मजुरीवर मस्टरवर घेतलं, आणि उचलीचा हिशेब सगळ्यांसमोर सही-अंगठ्यानिशी वहीत मांडला.

नोंदणीला आठवडाही झाला नसेल, सळई कापताना एका फिटरची दोन बोटं यंत्रात सापडली. आजारपणाच्या भत्त्यासाठी आधी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या अपघाताला तसली अट नाही. संरक्षण पहिल्या दिवसापासून. चिंचवडच्या मोहननगरमधल्या कामगार विमा रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि हात बरा होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम त्याला मिळत राहिली. ठेकेदारावर नुकसानभरपाईचा दावा आला नाही, कारण विमा असला की ती जबाबदारी कामगार विमा महामंडळाची. ही बाजू ठेकेदारांना कोणी समजावून सांगत नाही. वर्गणीचा आकडा तेवढा सांगितला जातो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या बाबतीत तर ठेकेदाराचा एक पैसाही जात नाही. १९९६ च्या कायद्याने आलेला बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बांधकाम करवून घेणाऱ्याकडून वसूल होतो. १८ ते ६० वयाच्या मजुराने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की मंडळात नाव लागतं. मग मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला मदत मिळू शकते. दाखल्यावर ठेकेदाराची सही चालते, पण पुष्कळ ठेकेदार ती देत नाहीत. नव्वद दिवसांची कबुली दिली की पीएफवाले मागे लागतील, ही धास्ती. एका सहीसाठी मजुराच्या मुलीची शिष्यवृत्ती अडते, याचा मला मनापासून राग येतो. आमच्या ठेकेदाराने त्या वर्षी मागेल त्याला सही दिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहा आणि वीस हे आकडे तिच्यातही तेच आहेत. हा ठेकेदार आता दरपत्रकात विम्याचे ३.२५ टक्के वेगळ्या ओळीत दाखवतो. ती ओळ खोडा म्हणणाऱ्या घरमालकाला तो चौरस फुटाचा दर तेवढा वाढवून सांगतो.

पुढच्या कामाला त्याला स्लॅबच्या दिवसापुरती नव्हे, रोज बावीस माणसं लागणार आहेत, म्हणजे पीएफही आला. १२,००० वर मजुराचे १,४४० कापले जातील, ठेकेदार तेवढेच घालेल आणि त्याच्या हिश्श्यातले सुमारे हजार रुपये पेन्शनकडे वळतील. हातावर पोट असलेल्या माणसाला नव्वद रुपये वेगळे आणि चौदाशे चाळीस वेगळे, म्हणून मुकादम आणि मजूर दोघांशीही बोलणी चालू आहेत. दरम्यान, मी मजुरांचे पीएफचे जुने खातेक्रमांक, म्हणजे यूएएन, शोधतो आहे. काही जणांचे आधीच्या ठेकेदारांकडे काढलेले दोन-दोन क्रमांक सापडले आहेत. पहिलं चलन भरण्याआधी ते एकत्र करून घ्यावे लागतील.